मावशीला विमानतळावर बोलवायचं का?

प्रश्न : ताई, मी मूळची नाशिकची, हे साताऱ्याचे. अठरा वर्षं ओहायोत आहोत. दोघांकडे आता अमेरिकेचं नागरिकत्व आणि ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांचं) आहे. होम स्टडी (घरी येऊन होणारी चौकशी), कारा (दत्तकाचं केंद्रीय प्राधिकरण), त्यांची एनओसी असं करत साडेतीन वर्षं गेली आणि आता पुण्याच्या एका संस्थेतली चार वर्षांची मुलगी आमची होते आहे. तिच्या टाळूचं ऑपरेशन झालं आहे, त्यामुळे बोलणं नाकातून येतं. नोव्हेंबरच्या शेवटी तिला न्यायला येतोय. हातात अठरा दिवस आहेत. आठवडाभर पुणे-सातारा, मग अकरा दिवस दिल्ली, तिथे मेडिकल आणि व्हिसा. व्हिडिओ कॉलवर ती गोड हसते, रडत अजिबात नाही, पण यांना बघून लपते. सासूबाईंना साताऱ्यात सत्यनारायण घालून दोनशे पानं वाढायची आहेत. हे म्हणतात, दिल्लीत मधे रिकामे दिवस आहेत तर आग्रा करून येऊ. संस्थेतल्या मावशी तिला दीड महिन्याची असल्यापासून सांभाळतात. त्यांना पुण्याच्या विमानतळापर्यंत यायचं आहे. येऊ द्यावं का? की ती झोपेत असतानाच निघावं, म्हणजे दोघींना त्रास कमी होईल?
– एक वाचक, कोलंबस

उत्तर : शेवटून सुरुवात करते.

१९९१ साल. दत्तक संस्थेत सोशल वर्कर म्हणून लागून मला पाच वर्षं झाली होती. तेव्हा परदेशी जोडप्यांना इथल्या न्यायालयाकडून १८९०च्या पालक आणि पाल्य कायद्याखाली मुलाचं फक्त पालकत्व मिळायचं, दत्तकाचं काम त्यांच्या देशात गेल्यावर व्हायचं. तीन वर्षांच्या एका मुलाला घेऊन मी टॅक्सीने मुंबईच्या सहार विमानतळावर निघाले. युरोपातलं जोडपं तिथे थांबलं होतं, विमान मध्यरात्रीनंतरचं. खंडाळ्याचा घाट उतरताना पोरगं माझ्या मांडीवर झोपलं. मला बरंच वाटलं. झोपेतच त्याला त्या बाईंच्या खांद्यावर दिलं. ना रडारड, ना ओढाताण. परतताना लोणावळ्याला चहासुद्धा प्याले.

आठ महिन्यांनी त्या बाईंचं पत्र आलं. मुलगा झोपत नाही. डोळे मिटायला लागले की स्वतःच्या बोटांनी पापण्या वर धरतो. का, ते त्यांना कळत नव्हतं. मला पत्र वाचताक्षणी कळलं. तो झोपला तेव्हा माझ्या मांडीवर होता आणि जागा झाला तेव्हा त्याच्या ओळखीचं एकही माणूस, एकही शब्द उरला नव्हता. पुन्हा झोपलो तर काय काय जाईल, याचा त्याने धसका घेतला होता. ते पत्र अजून माझ्या कपाटात आहे.

तेव्हा झोपेत नाही. कुठल्याही मुलाला, कधीही नाही.

विमानतळही नको. तिथे बंदूकधारी जवान, ट्रॉल्या, गर्दी, आणि मावशी काचेच्या दाराअलीकडे अडवलेल्या. निरोप संस्थेतच घ्या, सकाळी, तिचं दूध-नाश्ता झाल्यावर. आणि तो मावशींना त्यांच्या तोंडाने बोलू द्या : ही तुझी आई, हे तुझे बाबा, तू आता यांच्याबरोबर राहायचं, मी इथेच असणार आहे. हे शेवटचं वाक्य महत्त्वाचं. ते राहिलं, तर मावशीचं काहीतरी झालं असं मुलं धरून चालतात. मावशी रडल्या तर रडू देत. ‘मुलीसमोर रडू नका’ म्हणून त्यांना दटावणाऱ्या अधीक्षक मी पाहिल्या आहेत. मी स्वतःही एके काळी दटावलंय. चार वर्षं सांभाळलेलं माणूस कोरड्या डोळ्यांनी उभं राहिलं, तर पोरीने त्याचा अर्थ काय लावायचा?

निरोपाआधीचे चार-पाच दिवस तुम्ही दोघं संस्थेत जाऊन बसा. दिवसातून दोन-तीन तास. सोबत वही ठेवा, कारण तिचं बोलणं आज जगात नीट कळतं ते मावशींना. ‘आं’ म्हणजे पाणी, ‘नानी’ म्हणजे दाणे, असं जे असेल ते उतरवून घ्या. शी-शूला ती काय म्हणते, ते तर पहिल्या ओळीत. मावशींच्या आवाजात तिची अंगाई, तिला हाक मारायची पद्धत, जेवताना म्हणायचं जे काही असेल ते, फोनवर रेकॉर्ड करा. ओहायोत स्पीच थेरपिस्ट पहिल्या भेटीत विचारेल की मूल तिच्या भाषेत किती बोलत होतं. ही वही त्याचं उत्तर आहे, दुसरं कुठेही ते लिहिलेलं नसतं. तिचा रोजच्या वापरातला एखादा फ्रॉक आणि पांघरूण मागून घ्या, आणि हात जोडून सांगते, धुऊ नका. डेटॉलचा, कपाटाचा, मावशींच्या तेलाचा जो काय वास असेल तो तसाच जाऊ दे.

आता दिल्ली. तुम्ही दिल्लीला व्हिसाच्या रांगेतला उरलासुरला वेळ समजताय. पण तिचा परदेश पुण्याच्या विमानतळावरच सुरू होतो. दोन तासांनी ती उतरणार तिथे सगळे हिंदी बोलतात, डिसेंबरची थंडी असते, हवेला धुराचा वास असतो. स्वेटर पुण्यातलं नेऊ नका, ते तिथे पुरत नाही. हॉटेलऐवजी स्वयंपाकघर असलेली जागा घ्या. तिला मऊ वरण-भात, पेज, नाचणीचं सत्त्व लागणार, आणि टाळू शिवलेल्या मुलांना कोरडे पराठे घशात अडकतात. बाथरूममध्ये बादली आणि तांब्या मागून घ्या. संस्थेत तिने शॉवर पाहिलेला नाही. डोक्यावरून एकदम पाणी पडलं, की पुढचे आठ दिवस अंघोळ म्हणजे युद्ध. खोलीत रात्री बारीक दिवा राहू द्या. ती दहा-बारा पाळण्यांच्या खोलीत झोपलेली मुलगी आहे. कोणी खोकतंय, कोणी कुरकुरतंय, मावशी उठतेय, ही तिची शांतता. तुमच्या खोलीतल्या शांततेत तिला भीतीच वाटेल. तिला दोघांच्या मध्ये झोपवा.

‘रडत अजिबात नाही’ हे तुम्ही कौतुकाने लिहिलंय. मला त्याची थोडी काळजी वाटते. संस्थेतली मुलं आल्यागेल्याकडे हात पसरतात, देणगीदार बाई असो की भाजीवाली. विमानातल्या हवाईसुंदरीकडेही ती जाईल आणि तुमच्या पोटात कालवेल. त्यात तुमचा अपमान काही नाही. दिल्लीत पाचव्या-सहाव्या दिवशी तुम्ही बाथरूममध्ये गेल्यावर दाराशी बसून ती आक्रोश करू लागली, तर मला कळवा, मी इथे पेढे वाटीन. तोवर एक नियम पाळा : खायला फक्त तुम्ही दोघांनी घालायचं, झोपवायचंही तुम्हीच. बाकी सगळ्यांनी लांबून टाळ्या वाजवायच्या.

तुमच्या मिस्टरांना सांगा, मनाला लावून घेऊ नका. संस्थेत वॉचमन आणि डॉक्टर सोडले तर पुरुष नसतोच, आणि डॉक्टर सुई टोचतो. त्यांनी पहिले दोन दिवस नुसतं जमिनीवर बसून काहीतरी खेळत राहावं, तिला न बोलावता. दाढी असेल तर असू द्या. व्हिडिओवर पाहिलेला माणूस अचानक गुळगुळीत होऊन आला, तर घोटाळा वाढेल.

आग्रा अजिबात नको. ताजमहाल तिथेच राहतो.

कागदांचं थोडक्यात सांगते, तुमची एजन्सी ते बघतेच आहे. तुमच्या देशात जाणाऱ्या दत्तक मुलांचा व्हिसा दिल्लीलाच होतो, मुंबईत धावपळ करू नका. मेडिकलमध्ये दोन वर्षांवरच्या मुलांचं क्षयासाठी रक्त काढतात. त्याच सकाळी आग्रह करून खाऊ घालू नका, नंतर कडेवर घेऊन फिरवा. संस्थेचं लसीकरणाचं कार्ड मूळ प्रतीत ठेवा. पुण्याहून निघण्याआधी चार कागद शेजारी शेजारी मांडा : दत्तकाचा आदेश, जन्मदाखला, काराचं कन्फर्मिटी सर्टिफिकेट (दत्तक नियमांप्रमाणे झाल्याचं) आणि तिचा पासपोर्ट. नावांचं एकेक अक्षर, जन्मतारीख ताडून पाहा. आडनावात एक जास्तीचा ‘ए’ पडला म्हणून दिल्लीहून परत यावं लागलेलं कुटुंब मला माहीत आहे. वकिलातीने बंद पाकीट दिलं तर ते फोडायचं नाही. परतीची तिकिटं बदलता येतील अशीच घ्या. अमेरिकेत पहिल्या विमानतळावर तुम्हाला वेगळ्या खोलीत बसवतील, तिथे वेळ जातो, म्हणून पुढचं विमान चार तासांनंतरचं ठेवा. तुमचं दत्तक इथेच पूर्ण होतंय आणि तुम्ही दोघं नागरिक आहात, त्यामुळे इमिग्रेशनमधून आत गेली की कायद्याने तीही नागरिक झाली. भारतीय पासपोर्ट पुढे परत करावा लागेल. रद्द करून तो परत मिळतो, तेव्हा तो टाकू नका. अठराव्या वर्षी ती मागेल. आणि ती कशी रुळते आहे याचे अहवाल : पहिल्या वर्षी दर तीन महिन्यांनी, दुसऱ्या वर्षी दर सहा महिन्यांनी. ते वेळेवर पाठवा. तुमच्या सोशल वर्करचा बीपी त्यावर असतो. फोटो पाठवाल तेव्हा एक मावशींसाठीही ठेवा म्हणून लिहा, संस्था दाखवते.

विमानातल्या संडासाचा आवाज फार भयंकर असतो. पुणे-दिल्ली विमानातच एकदा तिला कडेवर घेऊन दाखवून आणा. पंधरा तासांच्या प्रवासात ती पहिल्यांदा तो ऐकून शू धरून बसली, तर हाल होतील.

सत्यनारायण राहिला. दोनशे माणसं, प्रत्येकाचा गालगुच्चा, ‘किती नशीबवान गं पोर’ हे वाक्य दोनशे वेळा, आणि तिच्या तोंडाकडे बघणारे डोळे. नको. पुढच्या वर्षी येऊन घाला, तेव्हा ती स्वतः प्रसाद वाटेल. पण सासूबाईंना नुसतं ‘नको’ म्हणू नका. त्यांना दिल्लीला बरोबर घेऊन जा. भात त्यांनी शिजवायचा, भरवायचा तुम्ही.

*

प्रश्न : मी अडुसष्ट वर्षांची आहे. मुलगा-सून परदेशात असतात आणि दत्तक मुलगी घेत आहेत. मी तिला फोटोत पाहिली आहे. नाव बदलणार नाहीत म्हणतात, आणि चार वर्षांच्या पोरीला पाळण्यात तरी कसं घालायचं? बारसं नाही, पाचवी नाही. पूजा करू म्हटलं तर सूनबाईच्या मनात दिसत नाही. माझ्या वाट्याला नात आठ-दहा दिवस येणार आणि विमानात बसणार. शेजारीण तर म्हणाली, इथली पोरं बाहेर कशाला पाठवतात, इथे काय आई-बाप नाहीत? मला उत्तर देता आलं नाही.
– एक आजी, सातारा

उत्तर : आजी, वरचं पत्र आणि तुमचं पत्र एकाच आठवड्यात आलं. दोन्ही एकाच घरातली आहेत की काय, मी विचारणार नाही. दोन्ही शेजारी छापते आहे.

शेजारणीला सांगा, आधी इथल्याच आई-बापांना विचारतात, कायदाच तसा आहे. १९८४ साली सर्वोच्च न्यायालयाने लक्ष्मीकांत पांडे या वकिलांच्या परदेशी दत्तकाबद्दलच्या याचिकेवर निकाल दिला, तेव्हापासून तो आग्रह आहे. पण इथल्या बहुतेकांना हवं असतं तान्हं आणि धडधाकट बाळ. चार वर्षांची, ओठ-टाळूची शस्त्रक्रिया झालेली, किंवा दोघं भावंडं एकत्र, म्हटलं की फोन ठेवतात. तुमच्या नातीच्या फाईलवर अशी किती घरं ‘विचार करून सांगतो’ म्हणून गेली असतील, ते शेजारणीने न विचारलेलं बरं.

नाव बदलत नाहीत ते चांगलंच करतात. चार वर्षं त्या हाकेला ती वळली आहे.

आणि तुम्हाला काम हवंय, ते मी देते. वाकळ शिवता ना? पूर्ण मापाची नको, मांडीवर येईल एवढी, विमानात हातातल्या पिशवीत मावणारी. आत तुमचं जुनं लुगडं घाला. वरच्या थरासाठी संस्थेतल्या मावशींची एक जुनी सुती साडी मागा. मुलाला सांगा सोशल वर्करशी बोलायला, मिळेल. नोव्हेंबरच्या शेवटाला फार दिवस नाहीत, टाके मोठे पडले तरी चालतील. मावशींची साडी आली की मात्र तुमच्या सवयीने आधी भिजत घालाल, तसं करू नका.