विहारात उमेदवार आला तर?

प्रश्न : ताई, जयभीम. आमच्या विहारात वर्षावासात, म्हणजे पावसाळ्यातल्या तीन महिन्यांत, रोज संध्याकाळी ग्रंथवाचन असतं. मागच्या निवडणुकीत एका उमेदवाराने वाचनानंतर पाच मिनिटं बोलू द्या, अशी विनंती केली आणि त्यावरून वस्तीत दोन तट पडले. विपश्यना करणारा माझा मित्र म्हणतो, बुद्धाने तत्त्वज्ञान सांगितलं, धर्म काढला नाही. विहार, झेंडा, राजकारण हा नंतरचा पसारा आहे. माझे वडील म्हणतात, राजकारण वजा केलं तर आपलं बौद्ध असणं उरतंच किती? मला दोघांचंही अर्धंच पटतं. तुम्ही काय सांगाल?
— एक वाचक, वाशीम जिल्हा

उत्तर : जयभीम. तुमच्या मित्राच्या बोलण्यात तथ्य आहे, म्हणून त्याच्यापासून सुरुवात करते. जग शाश्वत आहे की अशाश्वत, मेल्यानंतर तथागत (बुद्ध) असतो की नसतो, हे सांगा, नाहीतर मी संघ सोडतो, असं मालुंक्यपुत्त नावाच्या भिक्खूने बुद्धांना बजावलं होतं. बुद्धांनी उत्तर दिलं नाही. विषारी बाण लागलेला माणूस, बाण मारणारा कोण, त्याचा वर्ण कोणता, धनुष्य कसलं, हे कळल्याशिवाय बाण काढू देणार नाही म्हणाला, तर ते कळायच्या आत तो मरेल, एवढंच ते म्हणाले. केसपुत्तच्या कालामांना तर त्यांनी स्पष्टच सांगितलं की, परंपरेने आलं म्हणून, ग्रंथात आहे म्हणून किंवा गुरू सांगतो म्हणून काही स्वीकारू नका. कॉलेजात पाली शिकवताना मी ही सुत्तं, म्हणजे बुद्धांची प्रवचनं, दरवर्षी वर्गात वाचत असे आणि इतर धर्मांतली मुलंही सरसावून ऐकत. हे तत्त्वज्ञान आहेच.

पण नुसतं तत्त्वज्ञान मयताला खांदा द्यायला येत नाही. माझ्या आजोबांनी दीक्षा घेतली आणि गावी परतल्यावर देव्हाऱ्यातले देव नदीत सोडले. येसकरकी, म्हणजे वेशीवरच्या राखणीचं वतनी काम, सोडली. मेलेली ढोरं ओढणार नाही, असं पाटलाला तोंडावर सांगितलं. दुसऱ्या दिवसापासून वस्तीपुढे प्रश्न उभे राहिले : लग्न कसं लावायचं, माणूस गेला तर काय म्हणायचं, बाळाचं नाव कसं ठेवायचं? बाबासाहेबांना हे पुरेपूर ठाऊक होतं. १४ ऑक्टोबर १९५६ला नागपुरात भिक्खू चंद्रमणी यांच्याकडून त्यांनी त्रिशरण-पंचशील (बुद्ध, धम्म, संघ यांना शरण जाणं आणि आचरणाचे पाच नियम) घेतलं आणि मग लाखो लोकांना स्वतः बावीस प्रतिज्ञा दिल्या. त्यांत ‘श्राद्धपक्ष करणार नाही, पिंडदान करणार नाही’ हे आहे आणि ‘मी समता स्थापन करण्याचा प्रयत्न करीन’ हेही आहे. घरातली रीत आणि समाजाची घडी दोन्ही एकाच दमात बदलायची होती. ‘फक्त तत्त्वज्ञान’ म्हणणं त्याला परवडतं, ज्याच्या घरचं लग्न आणि मयत आधीपासून कुणीतरी सांभाळत असतं. आम्हाला धर्म हवा होता आणि तो आम्ही घेतला.

आता वडिलांचं. त्यांना ३ ऑक्टोबर १९५४चं बाबासाहेबांचं आकाशवाणीवरचं भाषण वाचायला द्या. स्वातंत्र्य, समता, बंधुता ही तत्त्वं आपण फ्रेंच राज्यक्रांतीतून उसनी घेतलेली नाहीत, आपले गुरू बुद्ध यांच्या शिकवणुकीतून घेतली आहेत, असं त्यात त्यांनी सांगितलं आहे. म्हणजे राजकारण धम्मातून निघालं. वडील म्हणतात तसा धम्म राजकारणातून निघाला नाही. हा क्रम उलटला की काय होतं, ते आपण रिपब्लिकन पक्षाच्या गटागटांत पाहतो आहोत.

बुद्ध राजकारणावर बोलत नसत, हेही खरं नाही. मगधाचा राजा अजातशत्रू शेजारच्या वज्जी गणराज्यावर चाल करून जाणार होता. त्याने आपला मंत्री वस्सकार याला गृध्रकूट टेकडीवर बुद्धांकडे पाठवलं. बुद्धांनी मंत्र्याला थेट उत्तर दिलं नाही, मागे वारा घालत उभ्या असलेल्या आपल्या शिष्याला, आनंदाला, विचारलं : वज्जी वारंवार एकत्र जमतात का? एकोप्याने बसतात, एकोप्याने उठतात का? वृद्धांचा मान राखतात का? बायका-मुलींना जबरदस्तीने पळवून तर नेत नाहीत ना? वज्जी नीट वागतात, असं आनंदाने सांगितल्यावर बुद्ध म्हणाले : ते असे वागतात तोवर वज्जींची वाढच होईल, हानी होणार नाही. मंत्री गेल्यावर त्यांनी भिक्खूंना जमवलं आणि एकोप्याने जमण्याचे हेच नियम संघालाही घालून दिले. २५ नोव्हेंबर १९४९ला संविधान सभेत बोलताना बाबासाहेबांनी आठवण करून दिली की, संसदीय कामकाजाचे नियम या देशातल्या भिक्खू संघांना ठाऊक होते.

मला त्याहून जवळचं वाटतं ते कूटदंत सुत्त. राज्यात चोऱ्या वाढल्या, तर शिक्षा करून त्या थांबणार नाहीत, असं त्यातला पुरोहित राजाला सांगतो. शेती करणाऱ्याला बियाणं आणि वैरण दे, व्यापाऱ्याला भांडवल दे, चाकरी करणाऱ्याला पोटापुरतं वेतन दे. मग लोक लेकरांना छातीशी नाचवत, दारं उघडी ठेवून राहतील. बाबासाहेबांचे सहकारी दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली १९६४ला भूमिहीनांचा सत्याग्रह झाला, लोक हजारोंनी तुरुंगात गेले, तेव्हाची मुख्य मागणी जमिनीचीच होती. ते राजकारण होतं, आणि मला त्यात धम्म दिसतो.

तरी विहाराचा उंबरठा जपायला हवा. नागपुरात दीक्षा झाली त्याच १९५६ साली श्रीलंकेत भिक्खूंच्या एका संघटनेने प्रचारात उतरून बंडारनायके यांना निवडून आणलं आणि ते पंतप्रधान झाले. लगेच सिंहली हीच एकमेव राजभाषा झाली आणि तमिळ माणूस परका ठरत गेला. तीन वर्षांनी त्याच बंडारनायके यांच्यावर एका भिक्खूने गोळ्या झाडल्या. कटात केलानियाच्या प्रसिद्ध विहाराचा प्रमुख होता. १९७२च्या राज्यघटनेने बौद्ध धर्माला तिथे अग्रस्थान दिलं आणि पुढे यादवी युद्धात हजारो माणसं मेली. हे वाचताना मला बौद्ध म्हणून यातना होतात. आपल्याकडे धम्म खालच्या माणसाने वरच्यांविरुद्ध हाती घेतला, तिथे बहुसंख्यांनी तो सत्तेला जोडला.

बाबासाहेबांनी दोन कामांसाठी दोन घरं योजली होती. भारतीय बौद्ध महासभा १९५५ साली धम्मासाठी स्थापन झाली. राजकारणासाठी रिपब्लिकन पक्ष योजला होता, तो त्यांच्या पश्चात १९५७ला उभा राहिला, आणि त्याचं दार बौद्धेतरांनाही उघडं असावं ही त्यांची इच्छा होती.

म्हणून तुमच्या वस्तीला माझं सांगणं असं : उमेदवार वाचनाला आला तर त्याला सगळ्यांबरोबर सतरंजीवर बसू द्या, ऐकू द्या. विहारात हार नको, भाषण नको, कुणाला मत द्यायचं याची घोषणा तर मुळीच नको. मग दुसऱ्या दिवशी चौकात किंवा समाजमंदिरात सगळ्याच उमेदवारांना बोलवा. गायरान जमिनीचं काय, मुलांची शिष्यवृत्ती वेळेवर का येत नाही, हे विचारा, आणि प्रश्न बायांना विचारू द्या. ग्रंथवाचनाला रोज त्याच जास्त असतात.

प्रश्न : जनगणनेत धर्म ‘बौद्ध’ लिहिला तर अनुसूचित जातीच्या सवलती जातात, असं आमच्याकडे काही जण सांगतात. खरं आहे का?
— एक वाचक, यवतमाळ

उत्तर : नाही. ही भीती जुन्या काळातून आली आहे. १९५०च्या आदेशात अनुसूचित जातींची मान्यता मुख्यतः हिंदूंपुरती होती. १९५६ साली त्यात शीख आले, बौद्धांना मात्र १९९०पर्यंत थांबावं लागलं. मधल्या काळात महाराष्ट्राने आपल्या अखत्यारीतल्या सवलती नवबौद्धांना दिल्या, केंद्राच्या मिळत नव्हत्या. १९९०च्या दुरुस्तीनंतर धर्म बौद्ध आणि जात अनुसूचित, दोन्ही एकत्र चालतं.

दोन्ही रकाने वेगळे असतात आणि दोन्ही भरायचे. राज्यात १९५१च्या मोजणीत बौद्ध जेमतेम अडीच हजार होते, १९६१ला सुमारे २८ लाख आणि २०११ला ६५ लाख. मोजणीदार घाईत असतो, आडनाव ऐकून स्वतःच्या मनाने काहीतरी लिहून टाकतो. तो उठण्याआधी धर्माच्या रकान्यात काय लिहिलं, ते त्याला वाचून दाखवायला सांगा.