व्हील परत करायचं की गेम?

तुमचा प्रश्न असा आहे की नवीन लॉजिटेक जी२९, म्हणजे गेम खेळायचं स्टीअरिंग व्हील, विंडोजमध्ये व्यवस्थित दिसतं, पण ओपन वर्ल्ड रेसिंग गेममध्ये गाडी सरळच राहत नाही, आधी वळतच नाही आणि मग एकदम झटक्यात वळते, तर व्हील परत करू का. अजिबात करू नका, व्हीलमध्ये काही खराबी नाहीये बहुतेक.

खरी गोम अशी की असले गेम्स गेमपॅड, म्हणजे हातात धरायचा बटणांचा कंट्रोलर, समोर ठेवूनच बनवतात आणि व्हील सपोर्ट शेवटी कसातरी चिकटवतात. गेमपॅडची स्टिक मधे थोडी ढिली असते म्हणून तिथे डेडझोन, म्हणजे हलवलं तरी गेम दुर्लक्ष करतो असा मधला भाग, ठेवावा लागतो, ते ठीकच, पण तोच १० टक्के डेडझोन ९०० अंश फिरणाऱ्या व्हीलला लावला तर डावीकडे ४५ अंश, उजवीकडे ४५ अंश नुसतंच फिरवत बसायचं, गाडी ढिम्म! त्यात काही गेम्सना व्हील म्हणजे एक्सबॉक्सचा कंट्रोलरच वाटतो, म्हणजे एक्सइनपुट नावाची एक्सबॉक्स कंट्रोलरची पद्धत, आणि त्यात फक्त थरथर आहे, व्हील हाताला ओढतं ते फोर्स फीडबॅक नाही आणि क्लचसाठी वेगळी जागाच नाही. लोक एवढे पैसे साठवून व्हील घेतात आणि गेमच्या पानावर सरळ सपोर्टेड लिहिलेलं असतं, याचा मला खरंच राग येतो.

आधी खात्री करून घ्या. युरो ट्रक सिम्युलेटर २ चा डेमो फुकट आहे, तो टाका. गेम २०१२ चा आहे, पण रेंज (व्हील एकूण किती अंश फिरतं ती) ९०० केली की केबिनमधलं स्टीअरिंग तुमच्या हाताबरोबर अडीच राउंड फिरतं आणि पार्किंगला ट्रेलर मागे घेताना बोटभर फिरवलेलंही कळतं. तिथे नीट चाललं म्हणजे व्हील ठणठणीत.

मग तुमच्या गेमवर या. स्टीममध्ये (जिथून गेम घेतला ते दुकान-ॲप) गेमच्या प्रॉपर्टीजमधून कंट्रोलरमध्ये जाऊन स्टीम इनपुट, म्हणजे व्हीलला एक्सबॉक्सचा कंट्रोलर म्हणून दाखवू शकणारी सोय, बंद करा, व्हील गेम सुरू करायच्या आधी लावा, गेममध्ये आतला (मधला) डेडझोन शून्य करा आणि जी हबमध्ये, म्हणजे लॉजिटेकच्या सॉफ्टवेअरमध्ये, त्या गेमपुरती रेंज ५४० च्या आसपास आणून बघा, आर्केड गेमला ९०० झेपत नाही.

एवढं करूनही गाडी नागमोडीच जात असेल तर गेम परत करा, स्टीमवर १४ दिवसांच्या आत आणि २ तासांपेक्षा कमी खेळला असाल तर पैसे मिळतात, म्हणून हे सगळं पहिल्या तासाभरातच तपासा.