विमान ‘किरणोत्सर्गी झालं’ की धुळीने माखलं?

प्रश्न असा: अणुचाचणीच्या ढगातून उडून आलेलं लष्करी विमान ‘किरणोत्सर्गी झालं’ असं लिहिणं बरोबर का? आणि रेडिएशनला किरणोत्सर्ग म्हणायचं की प्रारण?

आधी दुसरं घेऊ, पहिल्याचं उत्तर त्यातच आहे. किरणोत्सर्ग हा पदार्थाचा गुणधर्म, म्हणजे कण किंवा किरण बाहेर टाकत राहणं. उत्सर्ग म्हणजेच सोडून देणं. शाळेच्या पुस्तकातला ‘किरणोत्सार’ही तोच. बाहेर पडलेली ऊर्जा ते प्रारण, मग ते गॅमा किरण असोत की उष्णता नि प्रकाश. वर्तमानपत्रं दोन्हींना सर्रास किरणोत्सर्ग म्हणतात आणि एरवी ते खपूनही जातं.

इथे खपत नाही. ब्रिटिशांची व्हॅलियंट किंवा १९६१चं सोव्हिएत तू-९५ ही बॉम्ब टाकणारी विमानं पांढरी रंगवलेली होती. ‘किरणोत्सर्गापासून बचाव म्हणून’ असं लिहिलं की फसलंच. तो रंग स्फोटाच्या लखलखाटातलं उष्णतेचं प्रारण परतवण्यासाठी. गॅमा किरणांना रंगाचं काय सोयरसुतक?

ढगातल्या धुळीचे नमुने गोळा करणाऱ्या विमानांचं गणित वेगळं. १ नोव्हेंबर १९५२ला पॅसिफिक महासागरातल्या एनेवेटाक या प्रवाळबेटावर ‘आयव्ही माइक’ ही अमेरिकेची हायड्रोजन बॉम्बची चाचणी झाली. अमेरिकी एफ-८४जी विमानं ढगात शिरली ती स्फोटानंतर बऱ्याच वेळाने, पंखांच्या टोकांवरच्या टाक्यांत गाळणकागद बसवून. स्फोटाच्या प्रारणाचा पहिला झोत तोवर कधीच ओसरलेला असतो. विमानाला चिकटते ती किरणोत्सर्गी धूळ. पत्रा होता तसाच राहतो, स्वतः किरणोत्सर्गी होत नाही. म्हणून तर विमान धुऊन काढता येतं. मात्र तेलकट जागी, रिव्हेटांच्या कडेला आणि इंजिनात कण अडकून बसतात, ते साबणपाण्याला दाद देत नाहीत. मग विमान नुसतं उभं ठेवायचं: स्फोटापासूनचा काळ सातपट झाला की तीव्रता साधारण दहाव्या हिश्श्यावर येते. पहिल्या तासाला १००० असेल, तर ७ तासांनी १०० आणि ४९ तासांनी १०.

माखलेल्या पत्र्याला अंग लागू नये म्हणून वैमानिकाला फोर्कलिफ्टवरून उतरवण्याची पद्धत होती. गाळणकागद लांब दांड्याच्या चिमट्याने काढून शिशाच्या डब्यात घालत. आइन्स्टाइनियम हे ९९वं मूलद्रव्य पहिल्यांदा सापडलं ते माइकच्या अशाच कागदांवर.

तेव्हा विमान ‘किरणोत्सर्गी धुळीने माखलं’ असं लिहावं. ‘संदूषित’ (कंटॅमिनेटेड) हेही चालेल, पण त्याला फाइलीचा वास येतो. वैमानिकाला ‘किरणोत्सर्ग झाला’ हे तर नकोच. त्याला प्रारणाची मात्रा मिळाली, आणि ती छातीवरच्या फिल्मच्या बिल्ल्यावर मोजली गेली.

जाता जाता: फॉलआऊटसाठी, म्हणजे स्फोटानंतर खाली बसणाऱ्या किरणोत्सर्गी धुळीसाठी, ‘अवपात’ चांगला शब्द आहे, पण अवपात म्हणजे खाली पडणं. ढगात तरंगते आहे तोवर ती नुसती धूळ. विमान अवपात गोळा करायला गेलं, असं लिहू नये.