इंजिनिअरिंगनंतर सार्वजनिक धोरण शिकलं तर आधीची चार वर्षं वाया जातात का?

तुम्ही परभणीचे, सिव्हिल झालेले, आणि सार्वजनिक धोरण, म्हणजे सरकारी कायदे-योजना कशा ठरतात नि राबतात, ते शिकायला गेलात तर डिग्री वाया जाईल असं घरचे म्हणतात. माझ्याही घरी हेच ऐकलं. मी लातूरकडचा, सिव्हिलचाच. पुढं आयआयटी मुंबईच्या 'सितारा' (CTARA) या ग्रामीण तंत्रज्ञानाच्या केंद्रातून टेक्नॉलॉजी अँड डेव्हलपमेंटमध्ये एम.टेक. केलं. वाया काहीच गेलं नाही.

शिकताना औसा तालुक्यातल्या एका गावची नळयोजना बघायला गेलो. टाकी उभी, पाइप टाकलेले, माणशी रोज ५५ लिटरचा हिशेब बरोबर, गुत्तेदाराचं कामही चांगलं. तरी होळीनंतर नळ कोरडे. योजनेच्या विहिरीभोवती उसासाठी बोअर पाडलेले, आणि पंपाचं लाइट बिल थकलेलं. यातलं काहीच माझ्या कॉलेजच्या पुस्तकांत नव्हतं.

मग कायदा वाचला. महाराष्ट्राच्या २००९ च्या भूजल कायद्यानुसार ६० मीटरपेक्षा जास्त खोली म्हणजे 'खोल विहीर', आणि शेती-उद्योगासाठी ती घ्यायला मनाई. ६० मीटर म्हणजे जेमतेम दोनशे फूट. आमच्याकडं बोअरची बोलणीच पाचशे फुटांपासून सुरू होतात! कायदा आणि शिवार यांच्यात एवढं अंतर का, हे कळायला काळ्या पाषाणाच्या भेगांत पाणी कसं साठतं ते माहीत हवं. आणि तपासणार कोण, उसासारखा हमखास पैसा देणारं दुसरं पीक कोणतं, हेही विचारता यायला हवं. हे दोन्ही एकाच माणसाला जमावं, म्हणून हे शिक्षण.

सिताराची वाट गेट (GATE) या प्रवेश परीक्षेतून जाते. आयआयटी मुंबई आणि दिल्लीत सार्वजनिक धोरणाचं मास्टर्सही आहे. परदेशात एमआयटीचा टेक्नॉलॉजी अँड पॉलिसी हा अभ्यासक्रम आणि कार्नेगी मेलनचा इंजिनिअरिंग अँड पब्लिक पॉलिसी विभाग नावाजलेले. तिथंही गणित सुटत नाही. पण स्कॉलरशिप नसेल तर शेत गहाण ठेवून जाऊ नका, हे कळकळीनं सांगतो.

अर्जाआधी एक काम करा. परभणी जिल्हा जायकवाडीच्या डाव्या कालव्यावर. नाशिक-नगरच्या धरणांतून खाली जायकवाडीत किती पाणी सोडायचं, हा वाद २००५ च्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायद्यावरून कोर्टात गेला. तो कायदा वाचा, मग कालव्याच्या टेलला, म्हणजे शेवटच्या टोकाला जाऊन शेतकऱ्यांना विचारा, गेल्या उन्हाळ्यात किती पाणीपाळ्या मिळाल्या. मिळालेलं उत्तर अर्जातल्या निबंधात पहिल्याच परिच्छेदात लिहा.