ॲडमिशन घेण्याआधी हा एक प्रश्न विचार

तुझा मेसेज परवा रात्रीच वाचला, पण दोन ओळीत उत्तर द्यायचं नव्हतं म्हणून थांबले. बीए सायकॉलॉजी झालंय, काउन्सेलरच व्हायचंय आणि तेही कुटुंबांसोबत काम करणारी, घरचे म्हणतायत बीएड करून मोकळी हो, आणि तू विचारतेयस एमए करू की एमएसडब्ल्यू, म्हणजे समाजकार्यातली मास्टर्स, की इग्नूचं ते फॅमिली थेरपीवालं. मला खरंच खूप बरं वाटलं वाचून, कारण या कामाला माणसं कमी पडतात आणि तालुक्याच्या ठिकाणी तर फारच कमी.

आधी डिग्रीचं पटकन सांगते. एमए सायकॉलॉजीत तुला थिअरी, टेस्टिंग, आजारांची ओळख नीट मिळते. एमएसडब्ल्यूत कुटुंब, वस्ती, कायदा हे सगळं येतं आणि आठवड्यातले साधारण दोन दिवस फिल्डवर्क असतं. मुंबईत टिस म्हणजे टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस आणि निर्मला निकेतन, पुण्यात कर्वे समाज सेवा संस्था, ही नावं तुला माहीत असतीलच. इग्नूचं एमएस्सी काउन्सेलिंग अँड फॅमिली थेरपी घरी राहून करता यायचं, आता नवीन प्रवेश चालू आहेत का ते आधी विचारून घे, त्यात प्रॅक्टिकल आणि इंटर्नशिपही आहे, पण ती कुठे आणि कोणाच्या हाताखाली करायची हे बऱ्यापैकी तुलाच शोधावं लागतं. कौटुंबिक न्यायालयात विवाह समुपदेशक व्हायचं मनात असेल तर तिथे समाजकार्याची मास्टर्स आणि अनुभव मागतात, त्यामुळे जुन्या जाहिराती काढून अट शब्दशः वाच, कोणाच्या सांगण्यावर जाऊ नकोस. आणि एक लक्षात ठेव, क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट हे वेगळं आहे, त्याला रिहॅबिलिटेशन काउन्सिलचं रजिस्ट्रेशन लागतं, साध्या एमएवर ती पाटी लावायची नाही.

आता मुद्द्याचं. कुठेही ॲडमिशन घे पण त्याआधी कॉलेजला फोन करून एकच प्रश्न विचार, की माझ्या केसेस कोण ऐकणार? म्हणजे सुपरव्हिजन कोण देतं, आठवड्याला किती वेळ, एकटीला की वीस जणींना मिळून, आणि तो माणूस स्वतः अजून क्लायंट बघतो का. यावर उत्तर गोलमाल आलं तर इमारत कितीही चांगली असो, दुसरीकडे बघ. पुस्तकं तू घरीही वाचशील गं, पण तू खोलीत बसून काय बोललीस हे तुला दाखवणारं माणूस घरी मिळत नाही.

माझं सांगते. ट्रेनिंगमधे असताना एक बाई आल्या, लग्नाला अकरा वर्षं, नवरा पगार हातात देत नाही, सासू स्वयंपाकघराला कुलूप लावते. मी तासभर ऐकलं, मनापासून ऐकलं, आणि शेवटी म्हणाले थोडं जुळवून घ्या, मुलांकडे बघा. त्या हो म्हणाल्या आणि परत आल्याच नाहीत. आमच्या सुपरव्हायजर बाईंना प्रोसेस रेकॉर्डिंग लागायचं, म्हणजे एका रकान्यात क्लायंट काय बोलला, दुसऱ्यात मी काय बोलले, तिसऱ्यात तेव्हा माझ्या मनात काय चाललं होतं. त्यांनी माझ्या त्या वाक्याभोवती पेन्सिलीने गोल केला आणि विचारलं, हे कोण बोललं, तू की तुझी आजी? मी गप्प. तिसरा रकाना मी कोराच ठेवला होता. त्या दिवशी मला कळलं की माझ्या आतच एक अख्खं घर बसलंय आणि ते माझ्या तोंडून सल्ला देतंय. त्या क्लायंट बाईंचं पुढे काय झालं मला कधीच कळलं नाही, आजही आठवतात.

म्हणून रेकॉर्डिंगचा कंटाळा करू नकोस, मुली फार कंटाळतात, शेवटच्या रात्री बसून दहा केसेस लिहून काढतात. सेशन झालं की त्याच दिवशी लिही, आणि मराठीत लिही. हे मी मुद्दाम सांगतेय. इंग्रजीत लिहिलंस की सिस्टर इन लॉ एवढंच उरतं, आता ती जाऊ आहे की नणंद की वहिनी यावर तर सगळी केस फिरते ना! जावेशी भांडण म्हणजे वाटणीचं असू शकतं, नणंदेशी असलं तर त्यात माहेरपणाला आलेल्या लेकीचा हक्क, आईचा ओढा हे सगळं असतं. जिनोग्राम शिकवतील तुला, म्हणजे नात्यांचा नकाशा, चौकोन म्हणजे पुरुष, गोल म्हणजे बाई, निदान तीन पिढ्या काढायच्या. तो काढताना बाजूला हेही लिही की एका चुलीवर कोण जेवतं, शेती कोणाच्या नावावर आहे, कोण कोणाशी बोलत नाही आणि किती वर्षं. ‘नांदायला जाणार का’ हा प्रश्न जिथे रोज विचारला जातो तिथे या गोष्टी माहीत नसतील तर तू थेरपी कसली करणार?

थिअरीत सटीर, मिनुचिन, बोवेन हे फॅमिली थेरपी उभी करणारे पाश्चात्त्य थेरपिस्ट येतील, मन लावून वाच, त्यांनी कुटुंबाकडे बघायची नजर दिलीय. पण कुटुंबाला सोबत घेऊन काम करणं हे सगळं तिकडूनच आलं असं मात्र समजू नकोस. 1950 च्या दशकात अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर यांनी रुग्णांच्या नातेवाइकांना आवारात तंबूत राहायला बोलावलं, घरच्यांनी सोबत राहायचं, सेवा करायची, आजार समजून घ्यायचा. आपल्याकडे कि. मो. फडके यांनी अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्याशी वर्षानुवर्षं पत्रव्यवहार करून त्यांची विवेकनिष्ठ उपचारपद्धती शिकून घेतली आणि ती मराठीतून लोकांपर्यंत नेली. मला हे फार मोठं वाटतं, कारण आपल्या क्लायंटला डिप्रेशन शब्द येत नाही, ती म्हणते कशात मन लागत नाही, छातीत धडधड होते, जीव घाबराघुबरा होतो. तिचे शब्द वहीत जसेच्या तसे उतरव, त्याच्यावर लगेच इंग्रजी लेबल चिकटवू नकोस.

आता हिंसेबद्दल, आणि हे दोनदा वाच. मारहाण असेल तर नवरा-बायकोला समोरासमोर बसवून समेटाला लागायचं नाही. आधी बाईशी एकटीशी बोलायचं, आज रात्री ती सुरक्षित आहे का हे विचारायचं, मुलं कुठे आहेत, कागदपत्रं कोणाकडे आहेत. 2005 च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्यात मॅजिस्ट्रेट काउन्सेलिंगला पाठवू शकतात, पण त्याच्या 2006 च्या नियमांत स्पष्ट आहे की त्या काउन्सेलिंगमधे हिंसा करणाऱ्याने ‘तिने उलट उत्तर दिलं म्हणून मारलं’ असली समर्थनं द्यायची नाहीत, ती ऐकूनच घ्यायची नाहीत. मी किती काउन्सेलर बघितलेत ज्यांना हा नियमच माहीत नाही, आणि दोघांचंही थोडं थोडं चुकलं म्हणून मोकळे होतात. फिल्डवर्कला जागा निवडायला मिळाली तर पोलिस स्टेशनमधला महिला व मुलांसाठीचा विशेष कक्ष माग. टिसने मुंबई पोलिसांसोबत 1984 मधे हे काम सुरू केलं आणि आता राज्यभर आहे. तिथे सहा महिन्यांत जे शिकशील ते वर्गात दोन वर्षांत नाही.

जीव द्यायची भाषा आली की नवीन मुली घाबरतात, विषय बदलतात, असं बोलू नका हो म्हणतात. तसं करू नकोस. सरळ विचार, जीव द्यावासा वाटतो का, कसा द्यायचा ठरवलंय का, घरात औषधाचा डबा कुठे आहे. शेतकऱ्याच्या घरी औषध म्हणजे फवारणीचं, हे तुला सांगायला नको. विचारल्याने ते डोक्यात भरत नाही, उलट माणसाला वाटतं चला कोणीतरी विचारलं. मग त्याला एकटं सोडायचं नाही, घरातलं विश्वासाचं माणूस जोडून द्यायचं, डॉक्टरकडे पोचवायचं. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 नंबर तोंडपाठ असू दे, आणि हे सगळं रोल प्लेमधे इतक्यांदा कर की खऱ्या वेळी तोंड कोरडं पडलं तरी शब्द येतील.

गुप्ततेचं पुस्तकात सोपं असतं, गावात अवघड. लग्नात एखादी मावशी प्लेट हातात घेऊन विचारेल काय गं, त्यांची सून तुझ्याकडे येते ना? तुला चेहराही हलू द्यायचा नाही. पण ज्या गोष्टी गुप्त ठेवता येत नाहीत त्या पहिल्याच भेटीत क्लायंटला सांगून टाक, लहान मुलावर लैंगिक अत्याचार होतोय असं कळलं तर पॉक्सो या बाल लैंगिक अत्याचाराच्या कायद्याखाली कळवावंच लागतं, तिथे घराण्याची इज्जत वगैरे काही नाही.

स्वतःसाठी पण एक काउन्सेलर शोध, दुसऱ्या वर्षाच्या आधी. तुझ्या बाबांच्या पिण्याबद्दल तू मागे एकदा बोलली होतीस, नंतर तो विषय तू काढला नाहीस आणि मीही नाही. पण तसंच घर समोर येऊन बसेल तेव्हा तुला चटका बसणार आणि तो तू क्लायंटवर काढू नयेस एवढंच मला वाटतं. पुण्यात मुक्तांगण या व्यसनमुक्ती केंद्रात घरच्यांसोबतही काम होतं, एकदा जाऊन बघ, शिकायला म्हणून तरी.

पैशाचं लपवत नाही, सुरुवातीच्या पोस्ट बऱ्याचदा कंत्राटी, मानधनावर, कधी कधी मानधन उशिरा. घरी हे आत्ताच स्पष्ट सांग. आईला माझ्याशी बोलायचं असेल तर रविवारी दुपारी फोन करायला सांग, मी बोलते त्यांच्याशी.

आणि सोमवारी तुझ्या मनात असलेल्या निदान दोन कॉलेजांना फोन लाव, सुपरव्हिजनचं विचार, कोण काय म्हणालं ते जसंच्या तसं लिहून मला पाठव.