दोन पंखे आहेत, आणखी दोन लावू का?

नको. तुमच्या आर्केड गेमच्या कॅबिनेटमधले दोन पंखे पुरेसे आहेत, फक्त ते चुकीच्या जागी बसलेत. का ते सांगतो.

तुम्ही दिलेली माहिती आधी एकत्र मांडतो, म्हणजे माझं काही चुकत असेल तर लगेच सांगता येईल. १८ मिमी प्लायचं कॅबिनेट, ऑफिसातून निघालेल्या जुन्या पीसीचा आय५-६५०० मदरबोर्ड आतल्या बाजूच्या फळीला उभा स्क्रू केलेला, २४ इंची एलसीडी मॉनिटर, छोटा अॅम्प्लिफायर, वरच्या नावाच्या पाटीमागे एलईडी पट्टी. मागच्या फळीवर खाली १२० मिमीचे दोन पंखे, दोन्ही हवा आत ढकलणारे. वर हवा जायला एक इंची आठ भोकं. पाठ भिंतीपासून जेमतेम एक इंच. गाव नागपूर. आणि चाळीस मिनिटं खेळलं की आवाज तुटायला लागतो, गेम रेंगाळतो.

आधी एक खात्री करून घ्या. मेम एम्युलेटरमध्ये, म्हणजे जुने आर्केड गेम पीसीवर चालवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, एफ११ दाबलं की गेम किती टक्के वेगाने चाललाय ते दिसतं. पहिल्या मिनिटापासूनच ७०-८० टक्के दिसत असेल तर तो गेमच त्या सीपीयूला जड आहे, पंख्यांचा काही संबंध नाही. सुरुवातीला १०० टक्के आणि चाळीस मिनिटांनी घसरण, तर उष्णता. तुमच्या वर्णनावरून दुसरंच वाटतंय. या सीपीयूचं तापमान १०० अंशांच्या आसपास गेलं की तो स्वतःला वाचवायला वेग कमी करतो, आणि मेमचा बराचसा भार एकाच कोअरवर असल्याने वेग उतरला की लगेच कानाला कळतं.

मग दुसरी खात्री. सीपीयूचं तापमान दाखवणारा एखादा प्रोग्रॅम चालू ठेवा आणि तोच गेम चाळीस मिनिटं मागची फळी काढून खेळा. मग सगळं गार होऊ द्या आणि फळी लावून पुन्हा चाळीस मिनिटं. फळी काढूनही सीपीयू नव्वदीत जात असेल तर दोष कॅबिनेटचा नाही, हीटसिंकचा, म्हणजे सीपीयूची उष्णता काढून घेणाऱ्या धातूच्या ठोकळ्याचा आहे. ही चिप २०१५ सालची. ऑफिसात इतकी वर्षं राबलेल्या मशिनची थर्मल पेस्ट, म्हणजे सीपीयू आणि हीटसिंक यांच्यामधला लेप, सुकून खडूसारखी झालेली असते. आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून नवी पेस्ट लावा, हीटसिंकमधली धूळ ब्रशने काढा. फळीला करवत लावण्याआधी हे करा. मी स्वतः एकदा उलट क्रमाने केलं होतं. फळीत जाळीसाठी सुंदर खिडकी कापून झाली आणि मग लक्षात आलं की हीटसिंकची एक पिन बसलेलीच नव्हती.

फळी काढल्यावर तापमान पंधरा-वीस अंशांनी उतरलं, तर पुढचं वाचा.

तुमचे पंखे खालून हवा ढकलतायत, पण ती बाहेर कुठून जाणार? एक इंची भोकाचं क्षेत्रफळ साधारण ५ चौरस सेंटिमीटर, म्हणजे आठांचं मिळून ४०. १२० मिमीच्या एका पंख्याचं तोंड, मधला गोळा सोडून, साधारण १०० चौरस सेंटिमीटर. दोन पंख्यांच्या २०० चौरस सेंटिमीटरच्या तोंडातून आत येणाऱ्या हवेला जायला एक-पंचमांश वाट. पंखे फिरतात, आवाज करतात, आतला दाब किंचित वाढवतात, आणि हवा मात्र जिथल्या तिथे. त्यात भर म्हणजे वरच्या भोकांतून जी थोडीफार गरम हवा निघते ती भिंतीच्या एक इंच फटीत अडकते आणि खालचे पंखे तीच पुन्हा आत ओढतात. इथे आणखी दोन पंखे लावलेत तर फक्त वीजबिल आणि गोंगाट वाढेल.

किती हवा लागते याचा एक सोपा हिशोब आहे. आतले एकूण वॅट गुणिले १.७६, भागिले आतलं तापमान खोलीपेक्षा किती अंश जास्त चालेल तो आकडा. उत्तर सीएफएममध्ये (मिनिटाला किती घनफूट हवा) येतं, म्हणजे पंख्याच्या खोक्यावर लिहिलेल्या एककातच. तुमचा बोर्ड आणि एसएमपीएस (पीसीला वीज पुरवणारा डबा) मिळून ८० वॅट धरा, मॉनिटर २५, बाकी किरकोळ १५. झाले १२०. आत ६ अंशांची वाढ चालेल असं ठरवलं तर १२० × १.७६ ÷ ६, म्हणजे ३५ सीएफएम. खोक्यावर ५० लिहिलेला पंखा जाळी लावून फळीवर बसवला की निम्मा देतो असंच मी धरतो. तरी दोघांचे मिळून ५० होतात. म्हणून सुरुवातीलाच म्हटलं, पुरेसे आहेत.

या सूत्रात नागपूरकरांनी एक गोष्ट नीट बघायची. हिशोब खोलीच्या तापमानापासून सुरू होतो. पंखा आतली हवा खोलीपेक्षा थंड करू शकत नाही, कितीही लावा. मे महिन्यात बंद खोली ४० वर असेल तर कॅबिनेट आतून ४६ असणार, आणि ते बरोबर चाललंय असं समजायचं. कूलर चालू असेल तर खोली खाली येते, कॅबिनेटही येतं. फक्त कूलरचा झोत थेट कॅबिनेटवर घेऊ नका. ती दमट हवा प्लायच्या उघड्या कडा पितात. एमडीएफ (लाकडाच्या भुशाची दाबून केलेली फळी) असेल तर कडा पापडासारख्या फुगतात.

आता काय करायचं. दोन्ही पंखे काढून मागच्या फळीवर अगदी वर न्या आणि हवा बाहेर फेकतील असे लावा. पंख्याच्या ज्या बाजूला स्टिकर आणि चार काड्यांचा सांगाडा दिसतो, त्या बाजूने हवा बाहेर पडते. म्हणजे स्टिकर भिंतीकडे. छतावर आडवे लावायचा मोह होईल, पण उभेच ठेवा. स्वस्त पंख्यांचं बुशिंग आडवं ठेवल्यावर लवकर झिजतं, आणि कॅबिनेटच्या डोक्यावर कोणीतरी चहाचा कप ठेवतंच. पंख्यांची जुनी भोकं आणि ती आठ एक इंची भोकंही बंद करून टाका, प्लायचा तुकडा नाहीतर नुसता जाड पुठ्ठा लावून.

हो, ती आठ भोकंसुद्धा. हे पटकन पटत नाही, म्हणून माझं सांगतो. माझ्या पहिल्या कॅबिनेटला वर एक बाहेर फेकणारा पंखा होता आणि त्याच्या खालीच, चार बोटांवर, छान नक्षीदार भोकं. तळाला आत यायची वाटही होती. तरी बोर्ड तापायचाच. शेवटी एका संध्याकाळी उदबत्ती पेटवली आणि भोकांजवळ धरली. धूर सरळ भोकांतून आत आणि लगेच पंख्यातून बाहेर. खाली तळाशी धरली, तर धूर निवांत सरळ वर चाललेला. हवा जवळची वाट सोडून लांबची धरत नाही. पंखा सगळा वेळ खोलीतली गार हवा खोलीतच परत फेकत होता आणि बोर्डापर्यंत काही पोचत नव्हतं. भोकांवर चिकटपट्टी लावली, आणि एक रुपया न घालता तापमान उतरलं.

तेव्हा आत यायची वाट एकच आणि ती पंख्यांपासून जास्तीत जास्त लांब हवी. तळाच्या फळीत, पुढच्या बाजूला, बोर्डाच्या खाली येईल अशी. कॅबिनेटला दोन इंची पाय किंवा चाकं लावून उचला आणि तळात ४५ सेंटिमीटर लांब, १० रुंद खाच कापा. ४५० चौरस सेंटिमीटर जास्त वाटतात ना? त्यावर डासांची जाळी लागणार, आणि जाळीची तार बरीच जागा खाते. निम्मंच क्षेत्र मोकळं धरलं तरी २२५ उरतात, दोन पंख्यांच्या तोंडाएवढे. पंख्याला तोंड दाबून श्वास घ्यायला लावलं की तो घुमतो. लोक त्याला पंख्याचा आवाज म्हणतात, असतो तो खाचेचा.

जाळी लावाच. मी पहिल्या वर्षी लावली नव्हती. पाल आत गेली, पंख्यापर्यंत पोचली. पुढचं सांगत नाही.

तळातली खाच म्हणजे फरशीवरची धूळ येणार, आणि फरशी पुसताना पाणीही उडणार. कापलेल्या कडांना प्रायमर आणि ऑइल पेंटचे दोन हात द्या. जाळी स्क्रूने न लावता चुंबकाच्या पट्टीवर लावली की महिन्याला काढून झटकता येते. बाहेर फेकणाऱ्या पंख्यांची एक वाईट सवय म्हणजे आत हवा कमी पडली की ती नाण्याच्या फटीतून, जॉयस्टिकच्या भोकातून, जिथून मिळेल तिथून ओढली जाते, आणि धूळही तिथूनच येते. खाच पुरेशी मोठी ठेवली की हा त्रास जवळपास जातो.

मधल्या वाटेकडे मात्र तुम्हीच डोकवा, तुम्ही टाकलेल्या फोटोत नीट दिसत नाही. मॉनिटर ज्या आडव्या फळीवर टेकलाय ती मागच्या दारापर्यंत भिडलेली आहे का? असेल तर तुमच्याकडे एक कॅबिनेट नाही, एकावर एक ठेवलेली दोन खोकी आहेत आणि बोर्ड खालच्यात कोंडलाय. त्या फळीची मागची कड दहा सेंटिमीटर कापून टाका. बोर्ड उभा लावलाय ते उत्तम केलंत, वर चढणारी हवा त्याच्या अंगावरून जाईल. एसएमपीएसचा पंखा फळीकडे तोंड करून नाही ना, तेही बघा.

भिंतीपासून अंतर तीन इंच हवं. घरात कोणीतरी कॅबिनेट मागे सरकवतंच, म्हणून मागच्या फळीला तीन इंची दोन रिपा ठोकून टाका. आमच्या गावच्या व्हिडिओ गेमच्या दुकानदाराने तर मशिनची मागची दारंच काढून ठेवली होती आणि मागे एक टेबल फॅन घरघरत असायचा. तेव्हा ते गबाळं वाटायचं. माणसाला सगळं कळलेलं होतं.

पंख्यांचा आवाज कमी कसा करायचा, हेही तुम्ही विचारलंय. पंख्याचा वेग निम्मा केला तर हवा निम्मी होते, पण आवाज साधारण १५ डेसिबलने उतरतो, म्हणजे फारच. म्हणून एक पंखा जोरात फिरवण्यापेक्षा दोन सावकाश फिरवणं कधीही बरं. बोर्डावरच्या पंख्याच्या कनेक्टरला जोडा आणि बायोसमधून (पीसी चालू होताना उघडणारी सेटिंग) वेग कमी करा. डब्ल्यू१२०९ नावाचं छोटं थर्मोस्टॅट सर्किट मिळतं, तेही चालतं, पण नागपुरात ते ३५ अंशांवर लावलंत तर मार्च ते जून पंखा बंदच होणार नाही. इलेक्ट्रिकच्या दुकानात २३० व्होल्टचे पॅनल फॅन दाखवतील. घेऊ नका. त्यांचा वेग सहज कमी होत नाही, खोलीत गिरणी सुरू झाल्यासारखं वाटतं, आणि लाकडी खोक्यात आणखी एक मेनची वायर कशाला?

कोणीतरी तुम्हाला सांगितलंय की सीपीयू ८५ वर आहे, थ्रॉटल होत नाही, म्हणजे वेग कमी करत नाही, मग सोडून द्या. सीपीयूचं खरंच काही बिघडत नाही. मला काळजी एसएमपीएस आणि मॉनिटरमधल्या कपॅसिटरांची असते. १० अंश वाढले की इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचं आयुष्य निम्मं होतं असा ढोबळ नियम आहे. आतली हवा ५५ वरून ४५ वर आणलीत तर ती मंडळी दुप्पट टिकतील. मॉनिटरचं प्लास्टिक कवच काढून टाकायचा सल्लाही कोणी देईल. २५ वॅटच्या मॉनिटरला त्याची गरज नाही, आणि त्याच्या पॉवर बोर्डावर मेनची वीज उघडी पडते.

तर आधी पेस्ट, मग फळी काढून आणि लावून अशा दोन्ही वेळचे सीपीयूचे आकडे, आणि खोलीचं तापमान. तिन्ही इथे लिहा. करवत त्यानंतर. आणि तळाचा खालून काढलेला एक फोटो टाका. खाच जिथे सुचवतोय तिथे तुमच्या सुताराने आडवी पट्टी मारल्यासारखी दिसतेय, ती मध्ये येत असेल तर खाच दोन भागांत कापावी लागेल.