चिकणमातीत ३ मीटरची रिटेनिंग वॉल (माती अडवणारी भिंत): कोहेजन, म्हणजे मातीचा चिकटपणा, धरलं तर दाब जवळपास शून्य येतो, मग भिंत बारीक केली तर चालेल का?

नाही चालणार. आकडेमोड तुम्ही बरोबर केली आहे. घोळ आहे तो माती अहवालातला कुठला आकडा उचलला त्यात.

तुम्ही कोहेजन २५ किलोन्यूटन प्रति चौरस मीटर, फाय (मातीच्या कणांमधला घर्षणकोन) शून्य आणि मातीचं वजन घनमीटरला १८ किलोन्यूटन धरलंय. मग तळाशी दाब येतो १८ × ३ वजा २ × २५, म्हणजे जेमतेम ४. वरच्या २.८ मीटरमध्ये तर उत्तर ऋण येतं, म्हणजे माती भिंतीला ढकलत नाही, उलट मागे ओढतेय! माती असं काही करत नाही. ती भिंतीपासून सुटते आणि फट पडते. एका भिंतीमागे ऐन उन्हाळ्यात अशी फट मी पाहिली आहे. मोजायची टेप सोडली तर हातभर अलगद खाली गेली. पावसाचं पाणी पहिल्यांदा तिथेच शिरणार. २.८ मीटरची फट पाण्याने भरली की दर मीटर लांबीला सुमारे ३८ किलोन्यूटनचा रेटा बसतो. तुमच्या कागदावर तो एकसुद्धा नव्हता.

शिवाय फाय शून्य हा झटपट केलेल्या अनड्रेन्ड चाचणीचा, म्हणजे मातीतल्या पाण्याला निघायला वेळच न देता केलेल्या चाचणीचा आकडा. खोदकाम ताजं असताना चिकणमातीचा कडा सरळ उभा राहतो तो त्याच्या जोरावर, आणि तो बघूनच माणूस फसतो. पुढे पाणी मुरतं, माती सैलावते. म्हणून ड्रेन्ड, म्हणजे पाण्याला निघायला वेळ देऊन काढलेले आकडे घ्या, कोहेजन शून्य धरा. समजा फाय २२ अंश निघाला, तर मातीचा रेटा दर मीटर लांबीला सुमारे ३७ किलोन्यूटन येतो. मागे वरपर्यंत पाणी तुंबलं तर तोच ६१ च्या आसपास जातो. या दोन आकड्यांमधला फरक म्हणजे तुमचा ड्रेनेज.

त्यामुळे खरा खर्च तिथे करा. भिंतीमागे खडी, खडी आणि मातीमध्ये जिओटेक्स्टाइल (पाणी जाऊ देणारं, माती अडवणारं कापड), तळाशी उतार दिलेला छिद्रांचा पाइप. नुसत्या वीप होलवर, म्हणजे भिंतीतून पाणी बाहेर काढणाऱ्या भोकांवर विसंबू नका. मागे फिल्टर नसेल तर ती गाळाने बुजतात आणि भर पावसात कोरडी दिसतात. कोरडं वीप होल बघून खूश होणारे बरेच भेटतात.

एक गोष्ट हमखास चुकते: भिंतीलगत फूटभर खडीचा पट्टा पाणी काढतो, पण मातीचा दाब कमी करत नाही. मुरमाचा किंवा वाळूचा कमी दाब धरायचा असेल तर भिंतीमागे घसरू पाहणारी मातीची सगळीच तिरकी पाचर त्या भरावाची हवी, म्हणजे ३ मीटर भिंतीला वरच्या बाजूला साधारण पावणेदोन मीटर रुंद. माती फुगणारी असेल तर हे टाळूच नका, कारण फुगवणीचा दाब वरच्या कुठल्याच सूत्रात नाही.

पायाची रुंदी सुरुवातीला उंचीच्या ०.६ पट धरून बघा. चिकणमातीवर भिंत उलटण्याआधी बहुधा सरकते, म्हणून सरकण्याला १.५ चा सुरक्षा गुणक मिळेपर्यंत पाया वाढवा किंवा खाली ‘की’ (पायाच्या तळातून जमिनीत उतरणारा काँक्रीटचा दात) द्या. भिंतीसकट सगळा उतारच खालून घसरेल का, हेही वेगळं तपासा.

तुमच्या अहवालात ड्रेन्ड चाचणी, फुगवण चाचणी आणि पावसाळ्यातली पाण्याची पातळी दिली आहे का? नसेल तर आधी ती मागवा, मग सळईचं बघू.